बॉडीला अर्थच नव्हता: एका आठचाकी बेडूकगाडीच्या चार्जिंगचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक टेम्पो कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडसमोर थांबला आणि त्यातून जे उतरलं ते बघायला शेजारच्या लेथवरची पोरं काम टाकून आली. खाली सपाट, वर उघडी, फुग्यासारखी आठ चाकं, स्टिअरिंगच्या जागी मोटारसायकलसारखं हँडल. कॅनडात बनलेली उभयचर गाडी. चिखली भागातल्या एका ऊस बागायतदारानं ती कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टकडून जुनी विकत घेतली होती. गावातली पोरं तिला बेडूक म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव.

हौस म्हणून घेतलेली ही गाडी नव्हे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकत्र येऊन जिथे पंचगंगा होते त्या प्रयाग चिखलीच्या आसपास शेती असली की पावसाळ्याचा हिशेब वेगळा असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. माणसं बाहेर पडतात, जनावरं मागे राहतात. उसाच्या फडात नाव घालता येत नाही, पंख्यात पाला आणि कुंपणाची तार अडकते. बेडकाला पंखाच नाही. टायरच्या नक्षीनंच ती पाणी मागे सारत, माणसाच्या चालीनं पुढे सरकते, आणि चिखल लागला की तशीच वर चढते. बागायतदारांना, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तिच्यातून वैरण न्यायची होती.

"मिस्त्री, दोन बॅटऱ्या खाल्ल्या हिनं," अण्णा म्हणाले. "दीड-दोन तास चालती, मग सेल्फ मारायला गेलं की नुसतं टक टक. आणि पाण्यात असली की पंपाचा आवाज बसतो. ते भ्या वाटतंय."

भीती रास्त होती. या गाडीचा सांगाडा म्हणजे प्लास्टिकचं एक मोठं टब. त्यातून आठ एक्सल बाहेर येतात, म्हणजे पाण्याला आत यायला आठ वाटा. सील कितीही चांगले असले तरी थोडं पाणी झिरपतं आणि ते तळातला छोटा पंप बाहेर फेकतो. बॅटरी गेली की पंप गेला.

यात आणखी एक गंमत आहे, ती वाईट अर्थानं. या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, तिला बॅटरी लागत नाही. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी इंजिन मस्त चालत राहतं आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही. पण कार्ब्युरेटरच्या बुडाशी पेट्रोल अडवणारा एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, असतो, त्याला मात्र बारा व्होल्ट लागतात. बॅटरी फारच बसली की तो मिटतो आणि इंजिन एकदम गप्प. म्हणजे आधी पंप मंदावणार, मग इंजिन थांबणार, आणि मग सेल्फ लागणार नाही. हे सगळं नदीच्या मधोमध.

आमच्याआधी दुसऱ्या एका कारागिरानं बॅटरी दोनदा बदलली होती आणि रेग्युलेटर-रेक्टिफायरही नवा टाकला होता. तो बाहेरून मागवायला सव्वा महिना गेला. एवढं करूनही तक्रार जागच्या जागी. अशा गाडीला हात लावताना माझा एक नियम आहे: नवीन टाकलेला भाग चांगलाच असेल असं धरायचं नाही, आणि वाईटच असेल असंही नाही. मीटर लावायचा.

आधी यंत्रणा काय आहे ते सांगतो, कारण मोटारीचा अल्टरनेटर डोक्यात ठेवून इथे आलात तर फसाल. मोटारीत रोटरमध्ये वीज सोडून चुंबक तयार करतात आणि ती वीज कमी-जास्त करून चार्जिंग ताब्यात ठेवतात. इथे फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला कायमचे चुंबक चिकटवलेले असतात आणि त्यांच्या पोटात स्टेटरची कॉइल बसलेली असते. आपल्या मोटारसायकलची मॅग्नेट कॉइल, तीच ही. इंजिन फिरलं की कॉइलमधून एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, निघतो, जितके फेरे तितके व्होल्ट. कॉइलच्या दोन तारा रेग्युलेटर-रेक्टिफायरच्या बाहेरच्या दोन पिनांना जातात. तो एसीचा एकाच दिशेनं वाहणारा डीसी करतो, साडेचौदाच्या आसपास रोखतो आणि मधल्या पिनेतून बॅटरीच्या प्लसला पाठवतो. मायनसची वेगळी तार या तुकड्याला नसते. त्याचं ॲल्युमिनियमचं अंगच मायनस. या शेवटच्या वाक्यावर सगळं प्रकरण उभं आहे, पण ते मला तासाभरानं कळलं.

बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. गाडी आली तेव्हा ११.९ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्जरवर लावली, सकाळी चार्जर काढून दोन तास नुसती ठेवली, १२.६ वर टिकली. सेल्फ मारताना दहाच्या वर राहिली. बॅटरी निर्दोष. चावी बंद असताना काही चोरून वीज खातंय का तेही बघितलं, नव्हतं.

इंजिन सुरू करून फेरे चढवले. चांगल्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ च्या घरात आकडा यायला हवा. इथे १२.४ होता आणि हळूहळू उतरत होता. चार्जिंग शून्य.

माझ्या शेडमधलं पोरगं लगेच पान्याला हात घालून म्हणालं, "प्लसचं टर्मिनल काढून बघू का? बंद पडली तर मॅग्नेट गेलं." मी त्याच्या हातावर चापट मारली. कोल्हापुरात ही खोड जुन्या डायनॅमोच्या काळापासून चालत आली आहे. आज चालत्या इंजिनाची बॅटरी सोडवली तर व्होल्ट उसळून रेग्युलेटर उडू शकतो.

मग स्टेटर. दोन्ही तारा रेग्युलेटरवरून सोडवल्या, मीटर एसीवर लावला. अशा पंधरा-वीस अँपिअरच्या कॉइलला मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर निदान २८ व्होल्ट एसी मिळायला हवेत. आमच्याकडे ३४ मिळाले. मंद चालीवर, १,२०० च्या आसपास, ११. तिप्पट फेरे, तिप्पट व्होल्ट, म्हणजे कॉइल आणि चुंबक दोघेही जागेवर. इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजला तर ०.४ ओहम आला आणि पोरगं खूश झालं, की वेटोळं जळालं. मीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवून दाखवल्या तेव्हा त्यांचाच रोध ०.२ निघाला. वजा केला की कॉइलचा ०.२, म्हणजे ठीक. शेवटी कॉइलची तार आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात तपासलं: काही जोड नाही. कॉइल अर्थ झालेली, म्हणजे इंजिनाच्या धातूला टेकलेली, नाही.

आता राहिला रेग्युलेटर, आणि तो नवाकोरा. मधल्या पिनेवर चावी चालू असताना १२.४ येत होते, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंत तार तुटलेली नाही. मी त्याला धरून उलटसुलट बघत होतो तेव्हा लक्षात आलं की हा मूळ जागेवर नाहीच. मूळ जागा इंजिनावरची, ब्लॉकला बोल्ट करून. तिथे दोन रिकामी भोकं दिसत होती. आधीच्या कारागिरानं पाणी लागू नये म्हणून रेग्युलेटर उचलून वर, पुढच्या पडद्यावर, म्हणजे आडभिंतीवर, बसवला होता. स्टीलचे सुंदर स्क्रू, खाली रबराचं वॉशर, तारा व्यवस्थित बांधलेल्या. हेतू उत्तम, काम नीटनेटकं. फक्त तो पडदा प्लास्टिकचा होता.

ट्रकवर, जीपवर, ट्रॅक्टरवर काम करून आपला हात असा तयार झालेला असतो की काहीही कुठेही स्क्रूनं आवळलं की त्याला बॉडी अर्थ मिळाला असं गृहीत धरतो. पत्रा आहे, पत्र्याला बॅटरीची मायनस आहे, विषय संपला. इथे पत्राच नाही. या गाडीच्या बॉडीला अर्थ नाही, दोन्ही अर्थांनी. वीज रेग्युलेटरमधून निघून बॅटरीत जाते, तिथून इंजिनच्या ब्लॉकवर येते, आणि परत रेग्युलेटरच्या अंगात शिरायला तिला वाटच नव्हती.

मीटरनं तपासलं: रेग्युलेटरचं अंग ते बॅटरीची मायनस, उघडं, म्हणजे जोडच नाही. मग एक जाड जंपर वायर घेतली, एक चिमटा अंगाला, दुसरा मायनसला, आणि इंजिन चालू केलं. आकडा १२.३ वरून चढत १४.३ ला जाऊन थांबला. अण्णांच्या मुलानं शिट्टी मारली. मीही थोडा फुगलो, खोटं कशाला बोलू.

रेग्युलेटर वरच ठेवला, कारण जागा खरंच कोरडी होती. त्याच्या अंगापासून थेट इंजिन ब्लॉकला चार चौरस मिलिमीटरची तार ओढली. ब्लॉकवरचा रंग पॉलिश पेपरनं खरडून खाली चकचकीत धातू काढला, स्टार वॉशर घालून थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, आवळलं, वर ग्रीस. बॅटरीची मायनस केबल सेल्फ मारताना तपासली, ०.२ व्होल्टची घट, चालतं. गाडी सोपवली, पैसे घेतले, चहा झाला.

नवव्या दिवशी बेडूक परत.

या वेळी अण्णा आले नव्हते, मुलगा आला होता, आणि तो जरा तोडूनच बोलत होता. "शेततळ्यात उतरवली काल. दीड तास ठीक. मग पंप परत बसला. तुम्ही म्हणालेला झालं म्हणून."

इंजिन चालू करून मीटर लावला: १४.३. फेरे कमी-जास्त केले, तारा हलवून बघितल्या. १४.३. मी म्हणालो, "चार्जिंग तर करतीय की." तो म्हणाला, "मग काय गाडी खोटं बोलतीय?"

इथे मी जवळजवळ अर्धा दिवस घालवला, आणि तो का गेला ते लिहायला हवं. कनेक्टर उघडले, फ्यूज काढून घातला, गरम झाल्यावर कॉइल दगा देते का म्हणून चाळीस मिनिटं इंजिन तापवून परत एसी मोजला. सगळं ठीक. दुपारी जेवताना सहज विचारलं, काल बंद पडल्यावर गाडी सुरू कशी केलीत? "रात्रभर चार्जरवर लावली की, मग टेम्पोत घातली."

घास तिथेच राहिला. मी दोन्ही वेळा भरलेल्या बॅटरीवर गाडी तपासली होती. भरलेली बॅटरी वीज घेतच नाही, एखादा अँपिअर घेते. एवढ्याशा प्रवाहात सडकी तारसुद्धा साव दिसते. पाण्याच्या बारीक धारेला अर्धा बुजलेला पाइपही पुरतो. मोटर पूर्ण सोडली की कळतं. आणि शेततळ्यात बेडकाकडे पंप चालू होता, दिवे चालू होते, बॅटरी उतरत होती. माझ्या शेडमध्ये यातलं काहीच नव्हतं.

तेव्हा इंजिन बंद ठेवून दोन तास हेडलाइट लावून ठेवले, बॅटरी मुद्दाम उतरवली. मग इंजिन सुरू, दिवे चालू, पंपाखाली घमेल्यात पाणी ठेवून तोही चालू. डीसी मोजणारा क्लँप मीटर चार्जिंगच्या तारेवर अडकवला: १२ अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर १२.८. रेग्युलेटरच्या मधल्या पिनेवर, त्याच्याच अंगाशी मोजले तर १४.५.

एकाच वेळी दोन ठिकाणी दोन आकडे, मध्ये १.७ व्होल्ट गायब. रेग्युलेटर आपल्या पिनेवरचे व्होल्ट बघतो, त्याच्या लेखी बॅटरी भरली होती, म्हणून तो हात आखडता घेत होता. बॅटरी बिचारी तारेच्या दुसऱ्या टोकाला उपाशी.

आता शोध सोपा होता. मीटर डीसीवर, एक सळई तारेच्या एका टोकाला, दुसरी पुढच्या जोडाला, इंजिन चालू, भार चालू. निरोगी तुकड्यावर जवळजवळ शून्य यायला हवं. मायनसच्या बाजूला, म्हणजे मी नवीन ओढलेल्या तारेत आणि पुढे, ०.०५. प्लसच्या बाजूला फ्यूजच्या घरात ०.२५. आणि फ्यूजपासून सेल्फच्या रिलेपर्यंतच्या हातभर तारेत १.४. तार बाहेरून लालबुंद, झक्क. रिलेच्या टोकाशी थिंबलजवळ बोट ठेवलं तर चटका बसला. हिशेबही जुळतो: १.४ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर, सुमारे १७ वॉट. मोटारसायकलच्या ब्रेक लाइटच्या बल्बाइतकी उष्णता नखाएवढ्या जागेत.

इन्सुलेशन सोललं. आत तांब्याचा रंगच नव्हता. काळी ठिक्कर तार, चिमटीत धरली तर निम्म्या काड्यांची भुकटी झाली. सहा इंच मागे कापली, तिथेही काळी. आणखी मागे, तरी काळीच. खाऱ्या पाण्याचं हे काम. थिंबलच्या उघड्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं काड्यांच्या फटींतून वर वर चढत जातं. रिसॉर्टवर ही गाडी रोज लाटांत जात होती. वरून गोड्या पाण्यानं धूत असतील, पण तारेच्या आत कोण धुणार? ओहमवर ठेवून ही तार मोजली असती तरी मीटर फारतर एक दशांश, दीड दशांश दाखवता, आणि मी तो सळ्यांचा रोध म्हणून सोडून दिला असता. पहिल्या खेपेला पोराला ज्यावरून शहाणपण शिकवलं, त्याच खड्ड्यात.

म्हणजे दोष दोन होते, एकापाठोपाठ एक. कोकणात असतानाच तार सडत होती. बॅटरी उतरू लागली म्हणून आधीच्या कारागिरानं रेग्युलेटर बदलला आणि हलवला. तिथे अर्थ गेला, चार्जिंग पूर्णच थांबलं, आणि मोठ्या दोषाच्या आड लहान दोष लपला. मी मोठा काढला आणि मीटरवर चौदा बघून खूश झालो. आधीच्या माणसाला मी नावं ठेवत नाही. त्याला गाडी कोरड्यात दिली होती, मलाही.

दुरुस्तीत फ्यूजच्या घरासकट रेग्युलेटर ते बॅटरी ही पूर्ण प्लसची वाट नवीन केली. बोटींसाठी मिळते ती कथिलाचा मुलामा दिलेली चंदेरी तार मुंबईहून मागवली, कारण साधी तांब्याची तार टाकली असती तर दोन पावसाळ्यांनी परत हेच. थिंबल दाबल्यावर वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह, म्हणजे तोंडच बंद. काळी टेप एकाही जोडावर नाही. टेप पाणी अडवत नाही, धरून ठेवते. परत बॅटरी उतरवली, परत तोच भार: प्लसची घट ०.१५, बॅटरीवर १४.२.

पण या खेपेला तेवढ्यावर सोडायची हिंमत नव्हती. क्लँप मीटर अडकवूनच फेरे खाली आणले. मंद चालीवर ही कॉइल पाचच अँपिअर देत होती. पंपाला साडेतीन, दोन ३५ वॉटच्या हेडलाइटना साडेपाच. नऊ जायचे, पाच यायचे. हा दोष म्हणता येणार नाही, या इंजिनाची तेवढीच ताकद आहे. पण पुरात गाडी जास्त वेळ उभीच असते: गोठ्याशी लावली, वैरण उतरवली, माणूस चढतोय, म्हातारीला समजावतोय. तासाला चार अँपिअर-अवर बॅटरीतून निघत राहणार. हेडलाइटच्या जागी दहा-दहा वॉटचे एलईडी लावले, पंपाला पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारं तरंगतं बटण दिलं, म्हणजे तो उगाच कोरडा फिरणार नाही. पंपाची तार चावीवरून काढून स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीवर घेतली. हँडलसमोर एक छोटा व्होल्टमीटर बसवला. हा माझ्या मते या गाडीत कारखान्यातूनच यायला हवा.

चाचणी या वेळी शेततळ्यातच केली. बॅटरी आदल्या रात्री चार्जरवर लावायची नाही, अशी मुलाला ताकीद दिली होती. सव्वादोन तास बेडूक पाण्यात होती, त्यातला पाऊण तास मुद्दाम जागच्या जागी मंद चालीवर. अण्णा काठावर छत्री घेऊन उभे. मी आत, पोटऱ्यांपर्यंत भिजलेला, मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. चालताना १४.१ ते १४.२. उभ्या गाडीत, मंद चालीवर, १३.२ ला येऊन तिथेच ठरली, खाली गेली नाही. बाहेर काढून इंजिन बंद केलं, सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, "व्होल्टमीटर साडेबाराच्या खाली दिसला तर फेरे वाढवा. वाढवूनही तेरावर गेला नाही तर तसंच काठाला लागा, मग मला फोन करा."

जुलैत एकदा फोन आला. बंधाऱ्यावर चाळीसच्या पुढे पाणी होतं. मागे म्हशी हंबरत होत्या आणि मुलगा ओरडून विचारत होता, की वर एक सर्चलाइट लावायचाय, पन्नास वॉटचा, चालेल का. मी विचारलं, उभं राहून लावणार की चालताना? तो म्हणाला, उभं राहूनच की, गोठ्यात बघायला. मग नको म्हणालो, डोक्याला लावायची बॅटरी घे.